वकिलाच्या सल्ल्याविषयी शंका आल्यास दुसरे मत कसे घ्यावे

शेतीसुधारणेचा विचार करताना बियाणे, खते, पाणी व अवजारे यांचा ऊहापोह नेहमी होतो. परंतु ज्या जमिनीवर दावा चालू आहे तेथे ही सर्व साधने पडून राहतात, इकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. विहिरीस पाणी लागेल अशी खात्री असूनही ती खणली जात नाही, फळबागेचा विचार पुढल्या सालावर ढकलला जातो, बांधबंदिस्ती अर्धवट राहते. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात दाव्याची नोंद असेल तर कर्जाचा अर्जही तेथेच अडतो. गावोगाव फिरताना असे तुकडे दृष्टीस पडतात, व चौकशी केली असता “कोर्टात आहे” एवढेच उत्तर मिळते. कोर्टात नेमके काय मागितले आहे, पुढील तारीख कशासाठी आहे, असे विचारले तर “ते वकीलसाहेबांना ठाऊक” असे सांगण्यात येते.

प्रस्तुत लेखक कृषी पदवीधर आहे, वकील नव्हे. कायदा शिकविणे हा या लेखाचा हेतू नाही. ज्या शेतकऱ्याचे आपल्या वकिलाच्या कामाने वा सल्ल्याने समाधान होत नाही, त्याने मनात कुढत न बसता योग्य वेळी दुसऱ्या वकिलाचे मत कसे घ्यावे, एवढाच येथे विषय आहे.

पिकावर रोग पडला आणि दुकानदाराने सांगितलेल्या फवारणीने गुण आला नाही, तर शेतकरी रोगट पान घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे येतो, कृषी विद्यापीठात जातो, शेजारच्या जाणत्या बागाईतदारालाही दाखवितो. यात दुकानदाराचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. आजारपणात दुसऱ्या डॉक्टरास दाखविण्याची रीत तर आता घरोघर आहे. वकिलाच्या बाबतीत मात्र भीड आडवी येते. वकील नात्यातला असतो, किंवा वडिलांच्या वेळेपासूनचा असतो. त्याला कळले तर तो रागावेल, दावा अर्ध्यावर सोडील, कागद परत देणार नाही, अशी धास्ती वाटते. या धास्तीपैकी बहुतेक निराधार आहे. ती का निराधार आहे हे पुढे येईलच.

आधी एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. दुसरे मत घेणे निराळे आणि वकील बदलणे निराळे. मत घेण्यासाठी कोर्टाची परवानगी लागत नाही, पहिल्या वकिलाची संमती लागत नाही, आणि वकीलपत्रही रद्द करावे लागत नाही. सल्ल्याची फी देऊन कोणत्याही सनदी वकिलास आपले कागद दाखविण्यास अशील मोकळा आहे. अशील व वकील यांच्यातील सल्लामसलतीची गुप्तता कायद्याने राखलेली आहे. पूर्वी ती १८७२ च्या पुरावा कायद्याने राखली जाई, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ अन्वये राखली जाते. दुसऱ्या वकिलाशी झालेले बोलणे हेही याच संरक्षणात येते. मत ऐकून पुष्कळदा पहिलाच वकील योग्य मार्गाने चालला आहे असे आढळते, व शेतकरी निश्चिंत मनाने त्याच्याकडेच काम ठेवतो. अशा वेळी दिलेली फी वाया गेली असे समजू नये.

सर्वच नाराजी सारख्या योग्यतेची नसते, हेही स्पष्ट लिहिणे जरूर आहे. निकाल विरुद्ध गेला म्हणजे वकील वाईट ठरत नाही. तारखा पडतात त्याही नेहमी वकिलामुळे पडतात असे नाही. समन्स बजावले गेलेले नसते, विरुद्ध पक्षाने मुदत मागितलेली असते, न्यायाधीश रजेवर असतात. खरे कारण काय, हे आज घरबसल्या पाहता येते. प्रत्येक दाव्यास १६ अक्षरांचा व अंकांचा एक सीएनआर क्रमांक दिलेला असतो. तो ई-कोर्ट्स सेवेच्या मोबाईल ॲपमध्ये घातला असता मागील तारखांना काय झाले, पुढील तारीख केव्हा व कशासाठी आहे, हे दिसते. रोजनाम्यात “वादीचे वकील गैरहजर” अशी नोंद वारंवार आढळली, किंवा पुरावा देण्यासाठी आपल्याच बाजूने पुनःपुन्हा मुदत मागितलेली दिसली, तर शंकेस आधार आहे असे समजावे. विचारलेल्या साध्या प्रश्नास उत्तर न मिळणे, पैसे घेऊन पावती न देणे, कोऱ्या कागदावर सही वा अंगठा मागणे, “साहेबांना द्यावे लागतात” असे सांगून रक्कम उकळणे, ही लक्षणे तर उघडच वाईट होत. निकालात येणाऱ्या रकमेतील हिस्सा मागणाऱ्या वकिलापासूनही सावध राहावे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी असा ठराव करण्यास वकिलास मनाई केली आहे, व भूसंपादनाच्या दाव्यांत हा प्रकार विशेष आढळतो.

परंतु दुसऱ्या मताचे खरे मोल वकिलाच्या वर्तनाच्या प्रश्नात नसून मार्गाच्या प्रश्नात आहे. एकाच तक्रारीस कायद्यात दोन-तीन वाटा असतात, प्रत्येकीची मुदत निराळी व फळ निराळे असते. शेतरस्त्याचे उदाहरण आपल्या नित्य परिचयाचे आहे, म्हणून ते जरा विस्ताराने घेऊ.

समजा, पूर्वापार वहिवाटीची गाडीवाट शेजाऱ्याने चर खणून बंद केली. ऊस तोडणीस आला आहे व गाडी शेतापर्यंत जात नाही. या प्रसंगी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदारापुढे दावा लावता येतो. हा मार्ग तुलनेने जलद आहे. परंतु अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावला पाहिजे. याउलट, शेतास पूर्वीपासून रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये सरबांधावरून रस्ता मिळावा म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. त्या निर्णयाने ज्याचे समाधान होत नाही त्यास एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. तिसरी वाट थेट दिवाणी न्यायालयाची. तेथे वहिवाटीने मिळालेला सुविधाधिकार शाबीत करावयाचा, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षांचा अखंड, उघड व हक्काने केलेला वापर दाखवावा लागतो, व तो वापर दाव्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आतपर्यंत चालू असावा लागतो.

आता वाट अडविल्यास चार महिने झाले आहेत आणि पहिल्या वकिलाने कलम १४३ चा अर्ज देऊन ठेविला आहे, असे धरू. अर्जात “जुना रस्ता अडविला” असे लिहिले आहे आणि मागणी मात्र नव्या रस्त्याची केली आहे. कागद पाहताच दुसरा वकील पहिला प्रश्न विचारील तो हा, की अडथळा कोणत्या तारखेस झाला? त्या वेळी हाती अजून दोन महिने आहेत. हेच मत आणखी एका हंगामानंतर घेतले असते तर जवळची वाट कायमची बंद झाली असती व वर्षानुवर्षांचा दिवाणी दावाच नशिबी आला असता. अर्थात पहिल्या वकिलाने मुद्दामच कलम १४३ निवडले असणेही शक्य आहे; जुन्या वहिवाटीचा पुरावाच नाही असे त्याला दिसले असेल. त्याने तसे अशिलास सांगितले होते काय, एवढाच मग प्रश्न उरतो.

भूसंपादनात तर दोन शेजाऱ्यांचे मार्ग निरनिराळे असू शकतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन गेली असेल, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवावयास सांगावे लागते. निवाड्याच्या वेळी शेतकरी हजर असेल तर त्यास निवाड्यापासून ६ आठवड्यांची मुदत मिळते. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. मोबदल्याची रक्कम उचलताना हरकत नोंदविली नाही तर हा अर्ज करण्याचा हक्कच जातो, ही गोष्ट कित्येकांना धनादेश वटल्यावर कळते. ज्याने अर्ज केला नव्हता परंतु त्याच अधिसूचनेतील शेजाऱ्यास प्राधिकरणाकडून वाढ मिळाली, त्यास कलम ७३ अन्वये त्या निर्णयापासून ३ महिन्यांत वाढीची मागणी करता येते. तीच जमीन राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली गेली असेल, तर मात्र लवादापुढे जावे लागते, आणि लवादाचा निवाडा मान्य नसल्यास ३ महिन्यांत जिल्हा न्यायालय गाठावे लागते. तेथे विलंब फार तर आणखी ३० दिवसांपर्यंत माफ होतो, पुढे नाही. गावात “आमच्या भावकीतल्याने असे केले, तुम्हीही तसेच करा” असा सल्ला मिळतो, तेव्हा दोघांच्या जमिनी एकाच कायद्याखाली गेल्या आहेत काय, हे प्रथम पाहावे.

कधी वकील चुकलेला नसतो, कायदाच पुढे सरकलेला असतो. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवती या खटल्यात असा निर्णय दिला होता की, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच मुलीस २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत समान सहदायादपणाचा हक्क मिळेल. त्या काळात ज्या भगिनींचे वडील आधी वारले होते त्यांना “तुमचा दावा चालणार नाही” असे सांगणारा वकील बरोबरच सांगत होता. परंतु ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला. हा हक्क जन्माने मिळतो, वडील त्या दिवशी हयात असणे जरूर नाही, असे ठरले. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटपांना मात्र दुरुस्तीने संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे पाच-दहा वर्षांपूर्वी मिळालेला नकार आज अखेरचा समजून बसू नये. त्यावर पुन्हा एकदा मत घ्यावे. भावांनीही, बहिणींची सही न घेता विक्री वा वाटप उरकण्यापूर्वी असेच मत घेणे त्यांच्या हिताचे आहे.

दुसऱ्या वकिलाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. तोंडी हकिकतीवर दिलेले मत तोंडी हकिकतीइतकेच भरवशाचे असते. दाव्याची वा अर्जाची प्रत, विरुद्ध पक्षाची कैफियत, आजवर झालेले हुकूम, सातबारा व आठ-अ चे उतारे, संबंधित फेरफार, मोजणीचा नकाशा, खरेदीखत वा वाटणीपत्र, इतके तरी बरोबर असावे. कागद पहिल्या वकिलाकडे असतील व मागण्याची भीड वाटत असेल, तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून आपल्या दाव्यातील कागदांच्या प्रमाणित नकला पक्षकारास स्वतः मिळविता येतात. फेरफार व सातबारा तर तलाठी कार्यालयातून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून मिळतात. एका कागदावर तारीखवार घटना लिहून न्याव्या. कोणत्या दिवशी वाट अडविली, नोटीस केव्हा आली, हुकूम हाती केव्हा पडला, हे त्यात असावे. आपल्याला गैरसोयीचा वाटणारा कागदही लपवू नये. विरुद्ध पक्ष तो पुढे आणणारच आहे.

“माझा वकील चांगला आहे की वाईट?” असा प्रश्न दुसऱ्या वकिलास करू नये. त्याने गप्पाच वाढतात आणि व्यवसायबंधूविषयी बोलण्याचा संकोचही त्यास पडतो. मी मागितलेली दाद योग्य कायद्याखाली मागितली आहे काय, मुदत कोणती व ती केव्हा संपते, माझ्या पुराव्यात उणीव कोठे आहे, हरलो तर पुढे काय आणि खर्च किती, असे नेमके विचारावे. उत्तर शक्य तर लेखी घ्यावे. आणि हा दुसरा गृहस्थ कागद न वाचताच “दावा मजकडे द्या, सहा महिन्यांत निकाल आणतो” असे म्हणू लागला, तर त्याचेही मत घेतलेले नाही असेच समजून तिसरीकडे जावे. जो वकील निकालाची हमी देतो त्याच्याकडून सल्ला मिळत नाही, माल विकला जातो.

मत घेण्यात जे दिवस जातात ते मुदतीतून वजा होत नाहीत. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, अशी १९६३ च्या मुदत कायद्याची मर्यादा आहे. नकला मिळण्यास लागलेला काळ तेवढा वगळला जातो. महसुली अपिलास, हुकूम जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर ६० दिवस, अन्यथा ९० दिवस असतात. पक्षकार व वकील दोघेही गैरहजर राहिल्याने दावा निघाला असेल तर तो पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. विलंबमाफी मागता येते, पण ती मिळेलच असे नाही. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा निरपराध पक्षकारास होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या खटल्यात म्हटले, हे खरे. परंतु स्वतः बेसावध राहून सर्व दोष वकिलावर लोटणाऱ्यास प्रत्येक वेळी सवलत मिळेल असे नाही, असेही त्याच न्यायालयाने १९९३ मध्ये सलील दत्ता यांच्या प्रकरणात बजावले आहे. यास्तव मुदत संपत आली असेल तर आधी चालू वकिलाकडूनच अपील दाखल करून घ्यावे, व मत त्यानंतर घ्यावे.

तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तर दुसरे मत अवश्य घ्यावे. पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. लोकन्यायालयातील निवाड्यावरही अपील नाही. तडजोड ही वाईट गोष्ट नव्हे. भाऊबंदकीचे कित्येक दावे तडजोडीनेच मिटणे इष्ट असते. पण चतुःसीमा कोणत्या, विहिरीतील पाण्याची पाळी कशी, वीजजोडणी कोणाच्या नावे राहील, हे कागदात उतरले आहे की नाही, ते दुसऱ्या डोळ्यांनी पाहणे बरे.

मत घेतल्यावर वकील बदलावयाचाच असे ठरले, तर रीत सोपी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे अशिलाने सही केलेला लेखी अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र संपुष्टात आणता येते. नवा वकील सामान्यतः जुन्याची ना हरकत घेतो. ती न मिळाल्यास कारण दाखवून न्यायालयाची अनुमती घेतो. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात २००० साली ठरविले आहे. फीचा वाद त्यास निराळा चालविता येईल, कागद मात्र परत दिलेच पाहिजेत. झालेल्या कामाची फी आपणही बुडवू नये. वकिलाने स्वतःहून काम सोडल्यास, न केलेल्या कामाची आगाऊ फी त्याने परत करावी असा बार कौन्सिलचा नियम आहे.

गैरवर्तनाची गोष्ट असेल तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ अन्वये राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल मुंबईत आहे. ग्राहक आयोगाकडे मात्र जाऊ नये. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला आहे.

खर्चाची अडचण सांगणारे बांधव पुष्कळ आहेत. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती व जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, आपत्तिग्रस्त इत्यादींना उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला व वकील मिळतो. इतरांस वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती ३ लाख रुपये आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. तेथील वकील फुकट म्हणजे कमअस्सल, असा समज काही ठिकाणी आढळतो. निदान मत घेण्यापुरता तरी तो बाजूस ठेवावा.

ग्रामस्तरावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी चार शब्द. शेतकरी आपल्यावर विश्वास ठेवून दाव्याचे कागद पुढे करतो. त्यास मुदतीची आठवण द्यावी, सीएनआर क्रमांक शोधून तारीख दाखवावी, विधी सेवा समितीचे कार्यालय दाखवून द्यावे, अर्जात तारखा लिहिण्यास मदत करावी. परंतु “तुमचा दावा पक्का आहे” असे मत आपण देऊ नये, आणि अमुकच वकिलाकडे जा असेही सांगू नये. गावात त्याचा अर्थ लगेच निराळा लावला जातो. वकिलाशी झालेल्या बोलण्यास जे गुप्ततेचे संरक्षण आहे ते आपल्याशी झालेल्या बोलण्यास नाही. उद्या साक्षीस बोलाविले तर आपल्याला ऐकलेले सांगावे लागेल. म्हणून शेतकरी सगळी हकिकत सांगू लागला तर त्यास थांबवून ती वकिलापुढेच सांगण्यास सुचवावे. मूळ कागद आपल्या कार्यालयात ठेवून घेऊ नयेत. त्यांच्या छायाप्रती काढवून मूळ कागद त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हाती परत द्यावे, व कोणते कागद दिले याची यादी त्यास स्वतःच्या वहीत लिहून घेण्यास सांगावे.